सतरावा दगड

चौथ्या किलोमीटरच्या दगडापाशी मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हॉर्न वाजवला. तो हलला नाही.

भाद्रपदातला सोमवार होता, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. गगनबावड्याकडचं धुकं ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. भर उजेडात जीपचं बॉनेट तेवढं दिसतं आणि पुढे नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात, रस्त्याच्या बरोबर मधोमध, एक रेडा उभा होता. माझ्याकडे पाठ, तोंड आमच्या गावाकडे. मी पुन्हा हॉर्न दिला, ताडपत्रीचा पडदा सारून हाड्‌हाड्‌ केलं. काही नाही. शेवटी दोन चाकं कडेच्या चिखलात घातली आणि जीप त्याच्या शेजारून काढली. हात लांबवला असता तर त्याच्या पाठीला लागला असता. म्हातारं जनावर होतं. डावं शिंग टोकाशी मोडलेलं. नाकाला वेसणीचं भोक होतं, वेसण नव्हती. गळ्यात दावं नव्हतं. मागेपुढे गुराखी नव्हता. त्याने माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या रस्त्याचा दगड न् दगड मला पाठ होता. बावड्याच्या नाक्यावर शून्य, आमच्या गावाच्या फाट्यावर अठरा. बावड्याच्या पलीकडे घाट, घाटाखाली कोकण. बावड्याच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवत असे आणि रोज सकाळी-संध्याकाळी स्वतः जीप चालवत जाई-येई. एकोणीसशे एकाहत्तरची गोष्ट आहे. आमचे हे कोल्हापूरकडे साखर कारखान्यात नोकरीला होते, शनिवारी घरी येत. लष्कराच्या लिलावातली ती जीप त्यांनीच आणली आणि त्यांनीच मला शिकवली. लुगडं नेसून बाई गाडी चालवते म्हणून पहिल्या वर्षी गावात फार हसू झालं. ते हसू बंद केलं माझ्या सासूबाईंनी. आत्याबाई म्हणायची मी त्यांना. जत्रेच्या दिवशी त्या नऊवारीचा पदर खोचून माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या आणि चावडीपुढे मला थांबायला लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी सून चालवतीया. ज्याला भ्या वाटतंय त्यानं रस्ता सोडून गटारीतनं चालावं."

मला आई आठवत नाही. मी दोन वर्षांची असताना ती गेली. त्यामुळे आत्याबाई मला कोण होत्या ते वेगळं सांगायला नको.

त्या सोमवारी आत्याबाई अंथरुणाला खिळून बारा दिवस झाले होते. आधी ताप, मग छातीत कफ. बावड्याचे डॉक्टर एक दिवसाआड इंजेक्शन द्यायला येत. मी घरी पोचले तेव्हा स्वैपाक करणारी बाळाक्का दारातच उभी होती.

"आज पेजंचा घोट बी घेतला न्हाई, वैनीसाब," ती म्हणाली. "तोंड मिटूनच हाईत."

रेड्याची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतंच काय? मोकाट जनावर.

मंगळवारी सकाळी जाताना तो कुठेच दिसला नाही. संध्याकाळी परत येताना नवव्या दगडापाशी तोच. तीच पाठ, तेच मोडकं शिंग, तोंड गावाकडे. मी पुन्हा चिखलातून जीप काढली. या वेळी हॉर्न वाजवायला हात उचलला नाही, का ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी आले. आत्याबाई मागच्या खोलीत झोपत. तिथून गोठ्याची भिंत तेवढी दिसायची, रस्ता नाही. मी कपाळावर हात ठेवला तशा त्यांनी डोळे उघडले.

"इंदू, म्होरच्या दारात तांब्याभर पाणी ठेव. आन् भाकरीचा तुकडा."

"कशाला, आत्याबाई?"

"ठेव म्हटलं की ठेवावं."

मी ठेवला. बाळाक्काने तो तांब्या पाहिला आणि पदर तोंडाला लावला. चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "पितरपंधरवडा चालू हाय, वैनीसाब. न्यायला येणाऱ्यासाठी ठेवायला सांगत असत्यात असं. माझ्या सासऱ्यानं बी जायच्या आधी मागितलं हुतं."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हणाले. शास्त्राची बाई होते ना मी. प्राणवायू, कार्बन, न्यूटन. पण त्या रात्री पाठ टेकली तेव्हा डोळ्यांपुढे चौथा दगड आणि नववा दगड आले आणि एकाच दिवसातलं अंतर मी आपोआप मोजलं.

बुधवारी सकाळी तो समोरून भेटला. दहाव्या दगडाच्या पुढच्या वळणावर धुक्यातून आधी शिंगं आली, मग कपाळ. मी ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. आम्ही दोघं समोरासमोर. त्याचे डोळे दुधाळ झाले होते, मोतीबिंदू झालेल्या माणसासारखे. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या पलीकडे बघत होता, गावाकडे. मग सावकाश एक एक पाऊल टाकत जीपच्या कडेने निघून गेला. डांबरावर खूर वाजायला हवे होते. मला तरी ऐकू आले नाहीत.

बाराव्या दगडापाशी राऊ मैलकुली गटार काढत होता. रस्त्याचा तेवढा तुकडा त्याच्याकडे होता. दिवसभर तिथेच असायचा. मी परतीच्या वेळी त्याच्यापाशी थांबले.

"राऊ, एक म्हातारा रेडा फिरतोय रस्त्यावर. कुणाचा आहे?"

"रेडा?" त्याने खोरं टेकवलं. "न्हाई वो बाई. मी सकाळपास्नं हिथंच हाय. माझ्या म्होरनं कुत्रं बी गेलं न्हाई."

"डावं शिंग मोडलेलं. तीन दिवस बघतेय मी. रोज पुढे सरकतोय. गावाकडे."

राऊ हसायला लागला होता, तो थांबला. "एकटाच? मालक न्हाई, दावं न्हाई?"

"नाही."

"तुमच्या घरी म्हातारी पडून हाय न्हवं, बाई?" एवढं विचारून त्याने जीभ चावली आणि खोरं उचललं. "जावा बिगीनं. अंधार पडायच्या आत घर गाठा."

यमाचं वाहन काय असतं हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. राऊने ते नाव घेतलं नाही, मीही नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर घरी आले होते. त्यांनी मला ओसरीवर बोलावून घेतलं. "साहेबांना तार करा. शनिवारची वाट बघू नका. नाडी फार मंद झालीय." गुरुवारी मी शाळेत गेले नाही, तार केली, आत्याबाईंच्या उशाशी बसून राहिले. त्यांचा श्वास कधी कधी इतका लांबायचा की मी माझाच श्वास धरून वाट बघायची. मध्येच त्या डोळे उघडत आणि दाराकडे कान देत. दुपारी म्हणाल्या, "पाणी हाय न्हवं दारात?"

"आहे."

"वतू नगंस. लागंल."

शुक्रवारी सकाळी सातला मी निघाले. औषधाची चिठ्ठी होती, बावड्याला जाणं भाग होतं. गारठा फार होता म्हणून खुंटीवरची आत्याबाईंची शाल अंगावर ओढली. फाट्यावरून रस्त्याला लागले आणि एक किलोमीटर जायच्या आतच ब्रेक दाबला.

सतराव्या दगडापाशी तो उभा होता. तिथून वळण घेतलं की धुकं नसेल तेव्हा आमच्या घराची कौलं दिसतात.

मी खाली उतरले. कामावर निघालेला राऊही खोरं घेऊन तिथे थबकून उभा होता, आणि त्याचा चेहरा असा होता की त्यालाही तो दिसत होता हे मला विचारावं लागलं नाही. खरं सांगते, तेवढ्यानेही मला धीर आला.

"ह्योच काय, बाई?"

"हाच."

"मग खरा हाय की हो." राऊने त्याच्या पाठीवर बोट टेकवून लगेच काढून घेतलं. "गरम हाय."

मागून ट्रकचा हॉर्न आला. पांडबा गुरवाचा ट्रक. खाली कोकणात चिरे भरायला रिकामा चालला होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. माझी जीप आडवी पाहून तो खाली उतरला. "काय झालं, बाई? बंद पडली?"

तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं की मी तो विचार केलाय. मी म्हणाले, "पांडबा, हा रेडा ट्रकात घाल आणि घाटाखाली नेऊन सोड. जितका लांब नेता येईल तितका."

"कुणाचा हाय?"

"कुणाचा का असेना. माझ्या सांगण्यावरून ने. पुन्हा या रस्त्याला लागता कामा नये."

पांडबाने राऊकडे पाहिलं. राऊ त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. पांडबा ट्रकात चढला आणि ट्रक मागे घेऊ लागला. कडेला उंचवटा होता, त्याला लावून त्याने मागचा फाळका पाडला. शिंगांना कासरा बांधला. दोघं ओढू लागले. रेडा रोवल्यासारखा उभा. मागून राऊने खांदा लावला, पांडबाने शेपूट पिळली. तो तसूभर सरकला नाही. तोंड गावाकडेच.

"जड हाय ह्यो. मेल्याला ओढावं तसा," राऊ धापा टाकत म्हणाला.

मी पुढे गेले. मला फक्त ते संपवायचं होतं. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, "चल."

त्याने मान खाली घातली. ओलं नाक माझ्या खांद्यावरच्या शालीला लावलं आणि एक लांब श्वास घेतला. एवढा लांब, की शालीचा काठ त्याच्या नाकपुडीला चिकटला. मग जिभेने माझा हात चाटला. खरखरीत, ऊन जीभ. मी उंचवट्यावर चढले तसा तो माझ्या मागे चढला. मी फाळक्यावरून ट्रकात गेले, तो आत आला. राऊ आणि पांडबा नुसते बघत राहिले. मी बाजूने खाली उडी मारली आणि पांडबाने फाळका लावला.

ट्रक बावड्याच्या दिशेने निघाला तेव्हा त्याला कळलं असावं की तोंड कुठे फिरलंय. तो एकदाच हंबरला. धुक्यात ट्रक दिसेनासा झाल्यावरही तो आवाज बराच वेळ तिथे होता.

औषध घेऊन नऊला घरी परतले. दारातला तांब्या उचलून पाणी तुळशीला घातलं, तुकडा कावळ्यांना टाकला. मागच्या खोलीत गेले, तर आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या.

"भूक लागल्या," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी वाटीभर पेज घेतली. संध्याकाळी आमचे हे आले ते घाबरेघुबरे होऊन, आणि आई बसलेली पाहून हसूच लागले. "तार कशाला केलीस, इंदू? ही तर मला काठीने मारायला उठेल." डॉक्टरांनी नाडी दोनदा बघितली. "माझं इंजेक्शन म्हणायचं," ते म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं नव्हतं. बाळाक्काने देवापुढे साखर ठेवली. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. मी जिंकले होते. यमाला मी ट्रकात घालून परत पाठवलं होतं आणि ही गोष्ट मी जन्मात कुणाला सांगणार नव्हते.

रविवारी हे गावात गेले होते. दुपारी मी आत्याबाईंच्या केसांना तेल लावत बसले होते. त्या माझ्याकडे पाठ करून बोलल्या.

"दारातलं पाणी कुणी काढलं?"

"मी काढलं. तुम्ही आता बऱ्या झालात. ते अभद्र कशाला?"

"अभद्र?" त्या मागे वळल्या. "शहरातली ती शहरातलीच ऱ्हायलीस बघ. बाहेरनं जनावर घरला आलं की त्याच्या पायावर पाणी घालत्यात, तुकडा ओवाळून टाकत्यात. एवढं बी ठाव न्हाई व्हय?"

माझा तेलाचा हात थांबला. "कुठलं जनावर?"

"काजळ्या." त्या गोठ्याच्या भिंतीकडे बघत होत्या. "तू न्हवतीस तवा. माझं धाकटं लेकरू गेलं त्याच आठवड्यात म्हस रेडकू टाकून मेली. रेडकू कोण पोसतंय? तुझ्या सासऱ्यास्नी म्हटलं, ह्याला मी जगिवते. बोट बुडवून पेज पाजली, ह्याच खोलीत माझ्या अंथरुणापाशी निजवला. पुढं मोठा झाला, बारा वर्सं आमची भातखाचरं वढली त्यानं. चिखलणीत डावं शिंग मोडून घेतलं. मग ह्यांनी शेत उसाला घातलं, आन् त्याला खाली कोकणात वन्संच्या घरी दिऊन टाकला. तुझं लगीन व्हायच्या आधल्या साली."

त्या बोलतच होत्या, शिळोप्याच्या गप्पा माराव्यात तशा सहज.

"जाताना त्याच्या कानात सांगितलं हुतं मी. म्हटलं, माझी येळ झाली की तू ये बाबा. मला एकटीला जायाचं लई भ्या वाटतंय. लहानपणापास्नं मी कंदी एकटी कुटं गेले न्हाई. म्हायेरी जाताना बी भाऊ न्यायला यायचा. तू म्होरं चाल, मी तुझ्या शेपटीला धरून यीन." त्या थांबल्या. "निघाला हुता तो. मला कळत हुतं. घाट चढला, बावडा वलांडला. शुकरवारी सकाळी तर अगदी वळणावर आला हुता. उठायला म्हणून मी पाय बी जवळ घेतलं हुतं. आन् मग काय झालं कुणास ठाव. माघारी गेला."

खोलीत कढत तेलाचा वास होता. बाहेर बाळाक्का भांडी घासत होती.

"वाटंत कुणीतरी अडिवला असंल," आत्याबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. चौथ्या दगडापासून सगळं. पांडबाचा ट्रक सांगितला. त्यांची शाल अंगावर होती आणि शालीच्या वासाने तो माझ्यामागे ट्रकात चढला, हेही सांगितलं. "मला वाटलं तुम्हाला न्यायला आलाय," मी म्हणाले.

"मग बराबरच वाटलं की तुला," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी तोंड गोठ्याच्या भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं आता माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. मी उठून जीपची किल्ली घेतली. "मी आत्ता जाते खाली. शोधून आणते."

"बस."

"पांडबाला विचारते कुठे सोडलाय."

"बस म्हटलं न्हवं?" त्यांनी माझं मनगट धरलं. "बावीस-तेवीस वर्सांचं जनावर. एकदा चढला घाट. दुसऱ्यांदा न्हाई चढायचा."

तरी दुसऱ्या दिवशी मी गेलेच. पांडबाने घाटाच्या पायथ्याला नदीकाठी सोडला होता. तो म्हणाला, "बाई, खाली उतरला आन् जागच्या जागी बसला. गवत टाकलं, त्याला तोंड लावलं न्हाई. मी चिरे भरून परत आलो तवा तिथं नव्हता." आसपासच्या दोन वाड्यांत मी विचारलं. कुणी पाहिला नव्हता. आमच्या आतेसासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या वन्संच्या, घरी गेले. त्यांच्या सुनेने सांगितलं की म्हातारा रेडा काम करीना म्हणून गेल्या महिन्यात मोकळा सोडला होता. तो कधी गेला, कुणी लक्ष दिलं नाही. तेव्हा तो खरा होता, घाट चढून दिवसेंदिवस चालत आला होता, एवढं नक्की. आमच्या मागच्या खोलीत पडल्या पडल्या आत्याबाईंना ते कसं कळत होतं, याचं उत्तर मला शास्त्रात सापडलं नाही आणि मी इतर कुठे शोधलं नाही.

परत आले तेव्हा त्या जाग्याच होत्या. न विचारताच त्यांना माझ्या तोंडावरून कळलं.

"न्हाई न्हवं?"

"नाही."

"असू दे." त्यांनी मला जवळ बसवलं. रागाचा एक शब्द नाही. फक्त माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "पर मग आता तू हाईस, इंदू. मला सोडून कुटं जाऊ नगंस."

त्या आणखी नऊ वर्षं जगल्या. त्यातली शेवटची सहा अंथरुणात, कमरेखाली काही कळत नसताना, पाठीला जखमा होऊन. हे कोल्हापुरात घर घेऊन बसले, दोनदा मला तिकडच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा चालून आली. मी गेले नाही. लोक म्हणत, सून असावी तर अशी. मी ऐकून घेत असे.

फाल्गुनातल्या एका सकाळी त्यांचा श्वास पुन्हा लांबायला लागला. मी बाळाक्काला बाहेर पाठवलं आणि त्यांच्याजवळ बसले. हात हातात घेतला.

"आत्याबाई, भ्या वाटतंय?"

त्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"धुकं हाय," त्या म्हणाल्या. "काय दिसंना. तू बोलत ऱ्हा."

मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. वर्गातल्या पोरींचं बोलले असेन, घराच्या कौलांचं, यंदा आंब्याला मोहोर किती आलाय त्याचं. मध्येच त्यांची बोटं माझ्या बोटांवर एकदा घट्ट झाली आणि मग सैल पडली. मी थांबले नाही. हात गार झाला तरी बोलत राहिले, बाळाक्का येऊन माझ्या खांद्याला धरेपर्यंत.

कुठवर ऐकू गेलं असेल, कोण जाणे.